एकाच डागाची चार नावे

"कापशी?" आईने विचारले. "आपली सेनापती कापशी?"

२०११ सालच्या पावसाळ्यातली ही गोष्ट. दादाच्या डाव्या पायावरच्या डागांचा बायोप्सीचा अहवाल आला होता आणि त्यावरचे नाव मी फोनवरून आईला वाचून दाखवीत होते. आमचे घर कोल्हापूरचे. कापशी म्हटले की आईला चप्पलच आठवणार. त्यात डाग उठले होते ते नेमके चपलेचा पट्टा येतो तिथे. घराजवळच्या डॉक्टरांनीही आधी चपलेच्या कातड्याची ॲलर्जी समजून महिनाभर मलम दिले होते. तेव्हा आईच्या दृष्टीने सगळा हिशोब जुळत होता. मी म्हटले, "नाही गं, कापोसी. एका डॉक्टरचं नाव आहे." पुढचा शब्द मी उच्चारला नाही. 'सार्कोमा' म्हणजे काय हे तिने विचारले असते, आणि ते सांगण्याचे धैर्य त्या दिवशी माझ्याजवळ नव्हते.

मी मराठीची शिक्षिका. वैद्यकाशी माझा संबंध घरातल्या आजारपणांपुरताच. तरीही गेली अनेक वर्षे मी या एका रोगाविषयी हाती लागेल ते वाचत आले आहे. त्या वाचनातून जे समजले, आणि त्यातून स्वतःविषयी जे समजले, ते एकदा नीट मांडावे म्हणून हा लेखनप्रपंच. यात कोणाला वैद्यकीय सल्ला शोधता येणार नाही.

आधी नावाविषयी. मोरित्झ कापोसी याचा जन्म १८३७ साली हंगेरीतील कापोशवार या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. त्याचे मूळ आडनाव कोन. व्हिएन्नात तो फेर्डिनांड फॉन हेब्रा या त्या काळच्या थोर त्वचारोगतज्ज्ञाचा शिष्य झाला, पुढे जावईही झाला. त्याने कॅथलिक पंथ स्वीकारला आणि १८७१ साली आडनाव बदलून आपल्या गावावरून नवे घेतले. कोन नावाचे अनेक वैद्य व्हिएन्नात असल्याने घोटाळा होई, असे त्याचे कारण सांगितले जाते. मला यात काही नवल वाटले नाही. गावाच्या नावापुढे 'कर' लावून पिढ्यान्‌पिढ्या जगणारी आपण माणसे; आपल्याकडे तो कापोशवारकर झाला असता इतकेच. पण नाव बदलणाऱ्या या माणसाचे नाव एका रोगाला कायमचे चिकटले, आणि ज्यांना तो रोग झाला त्यांना पुन्हा वेगवेगळी नावे चिकटत गेली. माझ्या लेखाचा विषय खरे तर तो आहे.

१८७२ साली कापोसीने पाच रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. पाचही पुरुष, पाचही चाळिशी ओलांडलेले. पायांवर, हातांवर जांभळट, तपकिरी गाठी. हळूहळू त्यांची संख्या वाढते, शवविच्छेदनात आतड्यांतही त्या सापडतात. कारण अज्ञात. कापोसीला हा रोग झपाट्याने प्राण घेणारा वाटला. पुढच्या काळातील डॉक्टरांचा अनुभव मात्र वेगळा होता. भूमध्य समुद्राकाठच्या आणि पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू समाजातील वृद्ध पुरुषांत हा रोग दिसे, पायांवर वर्षानुवर्षे रेंगाळे, आणि रुग्ण बहुधा दुसऱ्याच कशाने तरी मरत. या प्रकाराला आज 'अभिजात' म्हणतात. वाङ्मयाच्या वर्गात हा शब्द मी शेकडो वेळा वापरला असेल. रोगालाही अभिजात म्हणतात हे मला चाळिशीच्या उंबरठ्यावर कळले.

दुसरा प्रकार आफ्रिकेतला. विसाव्या शतकाच्या मध्याला युगांडा, काँगो आणि आसपासच्या प्रदेशांत काम करणाऱ्या डॉक्टरांच्या ध्यानात आले की युरोपात दुर्मीळ असलेला हा रोग इथे मुळीच दुर्मीळ नाही. १९६१ साली कंपाला येथे मकेरेरे महाविद्यालयात केवळ याच रोगावर एक आंतरराष्ट्रीय परिसंवाद भरला. इथे तरुण पुरुषांना तो होत होता, आणि लहान मुलांनाही. मुलांमध्ये त्वचेवर फारसे काही न दिसता लसिकाग्रंथी सुजत आणि मूल लवकर दगावे. या प्रकाराला 'प्रदेशनिष्ठ' असे नाव पडले. पुढे एचआयव्हीच्या साथीने तिथले चित्र अधिकच भीषण केले. २०२० साली जगभरात या रोगाचे सुमारे ३४ हजार नवे रुग्ण आणि सुमारे १५ हजार मृत्यू झाले असावेत असा अंदाज आहे, आणि त्यांतील बहुसंख्य आफ्रिकेतले. आपण ज्याला दुर्मीळ म्हणतो ते कोणाच्या गावात उभे राहून म्हणतो, हा प्रश्न मला तेव्हापासून पडू लागला.

तिसरा प्रकार उपचारांतून उद्भवणारा. दुसऱ्याचे मूत्रपिंड शरीराने परके मानून नाकारू नये म्हणून रुग्णाची प्रतिकारशक्ती औषधांनी आयुष्यभर दाबून ठेवावी लागते. १९६९ साली अशा एका रुग्णात कापोसीचा रोग आढळल्याची नोंद झाली. आता हे पक्के माहीत आहे की प्रत्यारोपण झालेल्यांत या रोगाचा धोका सर्वसामान्यांच्या शेकडो पट असतो.

चौथ्या प्रकाराने मात्र या रोगाला जगाच्या तोंडी आणले. ३ जुलै १९८१ रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियातील २६ समलिंगी पुरुषांना हा वृद्धांचा रोग झाल्याचा वृत्तांत आला. त्याच दिवशी 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या आतल्या पानावर ४१ रुग्णांची बातमी होती. एचआयव्ही हा विषाणू अद्याप सापडला नव्हता, एड्स हे नावही नव्हते. चेहऱ्यावर, हातांवर दिसणारे जांभळे डाग तेवढे होते. ज्या तरुणांच्या अंगावर ते उमटले त्यांची नोकरी गेली, घरमालकाने बाहेर काढले, काहींच्या घरच्यांनी प्रेतही घेतले नाही. या प्रकाराचे पाठ्यपुस्तकातले नाव 'साथीचा' किंवा 'एड्सशी निगडित'. रस्त्यावरचे नाव इथे लिहिण्याची गरज नाही.

दादाचा प्रकार तिसरा. पण ते ठरायच्या आधीचे आठ दिवस मी विसरू शकत नाही.

दादा साखर तंत्रज्ञ. १९९६ ते २००१ अशी पाच वर्षे तो युगांडातील एका साखर कारखान्यात होता. आपल्याकडची पुष्कळ मंडळी त्या काळी पूर्व आफ्रिकेतल्या कारखान्यांत जात. परत आल्यावर काही वर्षांनी रक्तदाबाने त्याची दोन्ही मूत्रपिंडे निकामी केली आणि २००९ साली आईने स्वतःचे एक मूत्रपिंड त्याला दिले. ती तेव्हा एकोणसाठ वर्षांची होती. दोन वर्षे सारे सुरळीत चालले होते, आणि मग हे डाग.

अहवाल हाती आला त्या रात्री घरातल्या कोणीतरी संगणकावर रोगाचे नाव टाकले. पहिल्या ओळीत जे दिसले ते एड्स. वहिनींनी कोणाशी काही न बोलता दादाचा ताटवाटी-पेला वेगळा ठेवला. चार दिवस त्या त्याच्याशी बोलल्या नाहीत. दादाची एचआयव्हीची तपासणी प्रत्यारोपणाआधी झाली होती, आताही पुन्हा झाली. दोन्ही वेळा काही आढळले नाही. डॉक्टरांनी वहिनींना समोर बसवून ते सांगितले. त्या रडल्या, दादाची क्षमा मागितली, पेला पुन्हा मांडणीवर गेला. पण मी इथे वहिनींची तक्रार करायला बसलेली नाही. त्या आठ दिवसांत, युगांडातली पाच वर्षे, एकटा तरुण पुरुष, असा हिशोब मीही मनात मांडला होता. फरक इतकाच की वहिनींनी पेला वेगळा ठेवला आणि मी काहीच हलवले नाही, म्हणून कोणाला दिसले नाही. आणि समजा तपासणीत एचआयव्ही निघाला असता, तर? तर तो दादा राहिला नसता का? हा प्रश्न मी स्वतःला बऱ्याच उशिरा विचारला.

तपासणी करणाऱ्या विकृतिशास्त्राच्या डॉक्टरांकडे मी काही दिवसांनी गेले आणि दादाच्या कातडीचा तुकडा दाखवाल का म्हणून विचारले. त्यांना नवल वाटले, पण त्यांनी सूक्ष्मदर्शक माझ्यापुढे सरकवला. गुलाबी-जांभळ्या रंगात चातीसारख्या निमुळत्या पेशींच्या जुड्या, त्यांच्यामध्ये चिरांसारख्या फटी, फटींत आणि बाहेर सांडलेल्या तांबड्या रक्तपेशी. "यावरून हा कोणता प्रकार ते कसं ओळखता?" मी विचारले. त्या म्हणाल्या, "नाही ओळखता येत. चारही प्रकार इथं सारखेच दिसतात. प्रकार कळतो तो रुग्णाच्या कागदावरून."

हे वाक्य ऐकून मी बराच वेळ गप्प होते. वर्गीकरण हा माझ्याही व्यवसायाचा भाग. ग्रामीण, दलित, नागर, अभिजात असे कप्पे करून मी मुलांना साहित्य शिकवते आणि हे कप्पे साहित्याचेच आहेत असे मानून चालते. इथे भिंगाखाली एकच ऊती होती, आणि कप्पे होते ते माणसांचे. कोण आहे, कुठला आहे, काय खातो-पितो, कोणाबरोबर झोपतो, कोणाचे मूत्रपिंड घेऊन जगतो. वृद्ध ज्यू, काळा आफ्रिकी, समलिंगी पुरुष, प्रत्यारोपणाचा रुग्ण. प्रत्येक वेळी रोग कोणा दुसऱ्याचा होता.

यावर कोणी म्हणेल की मग हे वर्गीकरण निव्वळ पूर्वग्रह आहे. तसे मात्र नाही, आणि हे मला आग्रहाने सांगितले पाहिजे. साथरोगशास्त्राने हे चार गट काळजीपूर्वक शेजारी ठेवले म्हणूनच कारण सापडले. १९९० साली व्हॅलरी बेरल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील एड्सच्या रुग्णांची गटवार मोजणी प्रसिद्ध केली. दूषित रक्तघटकांतून एचआयव्ही झालेल्या हिमोफिलियाच्या रुग्णांत कापोसीचा रोग शंभरात एखाद्याला, तर समलिंगी व उभयलिंगी पुरुषांत शंभरात सुमारे एकवीस जणांना. एचआयव्ही एकटाच कारण असता तर इतका फरक पडला नसता. तेव्हा दुसरा एखादा संसर्ग असला पाहिजे आणि तो लैंगिक संबंधांतूनही पसरत असला पाहिजे, असा त्यांचा निष्कर्ष होता. कोणताही विषाणू डोळ्यांनी न पाहता, केवळ आकड्यांच्या आधारे काढलेला. चार वर्षांनी, १९९४ च्या डिसेंबरात, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील युआन चँग आणि पॅट्रिक मूर या दांपत्याने रोगग्रस्त ऊतीतून एका नव्या विषाणूचे अंश वेगळे काढले. हाच मानवी हर्पिस विषाणू क्रमांक आठ. पुढे तो चारही प्रकारांत सापडला. (याच दोघांच्या प्रयोगशाळेने २००८ साली मर्केल पेशींच्या कर्करोगामागचा विषाणूही शोधला. तोही त्वचेचा आणि तोही दुर्मीळ.)

म्हणजे कारण एक. मग प्रकार चार का? कारण विषाणू पुरेसा नसतो. आफ्रिकेच्या काही भागांत निम्म्याहून अधिक प्रौढांच्या रक्तात त्याच्या खुणा सापडतात, भूमध्य समुद्राच्या परिसरात त्याहून कमी, उत्तर युरोपात आणि आशियाच्या बहुतेक भागांत आणखी कमी. ज्यांच्यात तो असतो त्यांतील बहुतेकांना आयुष्यभर काहीही होत नाही. वार्धक्याने, एचआयव्हीने किंवा औषधांनी पहारा ढिला झाला की मग तो डोके वर काढतो. एचआयव्हीवरील संयुक्त उपचार १९९६ च्या सुमारास आले आणि ज्या देशांत ते मिळाले तिथे या रोगाचे प्रमाण झपाट्याने घसरले; पहारा पुन्हा उभा राहिला. अलीकडे, एचआयव्ही नसलेल्या आणि प्रतिकारशक्ती शाबूत असलेल्या समलिंगी पुरुषांत आढळणारा पाचवा प्रकारही अभ्यासक वेगळा काढू लागले आहेत. कप्पे वाढत आहेत, विषाणू तोच आहे.

दादाच्या बाबतीत पेच उघड होता. पहारा आम्हीच काढून घेतला होता, आईचे मूत्रपिंड टिकावे म्हणून. औषधे कमी केली तर डाग जातील, पण मूत्रपिंड जाण्याची भीती. औषधे तशीच ठेवली तर मूत्रपिंड राहील, आणि रोग आत फुफ्फुसांत, आतड्यांत जाण्याची भीती. सुदैवाने तोवर एक वाट सापडलेली होती. २००५ साली इटलीतील डॉक्टरांनी अशा पंधरा रुग्णांचे आधीचे औषध थांबवून सिरोलिमस हे दुसरे औषध सुरू केले होते. तीन महिन्यांत पंधराही जणांचे त्वचेवरचे डाग गेले आणि एकाचेही मूत्रपिंड गेले नाही. हे औषध मुळात ईस्टर बेटावरच्या मातीतल्या एका जिवाणूपासून मिळाले. ती माती १९६४ साली गेलेल्या कॅनडाच्या मोहिमेने आणली होती आणि माँट्रियलच्या प्रयोगशाळेत त्यावर काम केले ते सुरेंद्रनाथ सेहगल या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने. कंपनीने प्रयोगशाळा बंद केली तेव्हा त्यांनी त्या जिवाणूचे नमुने घरच्या शीतपेटीत सांभाळून ठेवले, अशी हकिगत सांगतात. दादाला तेच औषध दिले गेले. तोंडात फोड आले, पाय सुजले, दर आठवड्याला रक्ततपासणीचा कागद येईपर्यंत घरात कोणी मोठ्याने बोलत नसे. दिवाळीपर्यंत डाग फिके झाले, संक्रांतीपर्यंत गेले. एक तपकिरी छाया राहिली, ती आजही आहे.

असो. वैद्यकीय हकिगत इथे संपते. राहिलेली गोष्ट आईची.

विषाणू आला कुठून? दोन शक्यता होत्या. युगांडातल्या वर्षांत तो दादाच्या शरीरात येऊन झोपला असेल आणि औषधांनी जागा झाला असेल. किंवा तो दात्याच्या मूत्रपिंडाबरोबर आला असेल. असे होते हे सिद्ध झालेले आहे. २००३ साली तर प्रत्यारोपणाच्या काही रुग्णांच्या डागांतील पेशीच मुळी दात्याच्या असल्याचे इटलीतील संशोधकांनी दाखवून दिले होते. डॉक्टरांनी दादाला विचारले, "आईंचं रक्त तपासायचं का? उपचार बदलणार नाहीत, पण माहिती मिळेल." दादा म्हणाला, "नको. ती माहिती मला नको आहे." बाहेर आल्यावर मला म्हणाला, "तिनं दिलं, मी घेतलं. त्यातलं काय काय बरोबर आलं ते मोजत बसायचं नाही."

पण आई खुळी नव्हती. एक दिवस दुपारी लसूण सोलता सोलता तिने विचारले, "त्याला हे माझ्या किडनीतनं आलं का गं?"

मी ताबडतोब म्हणाले, "नाही. आफ्रिकेतून आलं. तिथं फार असतं ते." शिक्षकाच्या खात्रीने म्हणाले. मला ठाऊक नव्हते, कोणालाच ठाऊक नव्हते. आईच्या मनावरचा भार उतरवायचा होता आणि तो ठेवायला एक आख्खे खंड हाताशी होते. चार प्रकारांवर मनातल्या मनात भाष्य करणारी मी वेळ येताच तेच करून मोकळी झाले होते. रोग कुठल्या तरी दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवला.

आईने विचारले, "तिथं तरी लोकांना कसं होतं?"

आता मी खरे सांगू लागले. तिथे पुष्कळांना हा संसर्ग लहानपणीच होतो, मुख्यतः लाळेतून, असे मानतात. घरातल्या माणसांकडून, भावंडांकडून, आईकडून. आई मुलाला भरवते, त्याचे उष्टे खाते, त्याचे मुके घेते.

आईने हातातली पाकळी खाली ठेवली. म्हणाली, "मग तिथंपण आईकडनंच की."

मला यावर काही बोलता आले नाही. तीही पुढे काही बोलली नाही. लसूण सोलून झाला, तिने टरफले गोळा केली. तिच्या आवाजात अपराधीपणा नव्हता असे मी आज म्हणेन, पण ते माझे आजचे वाचन. मला दिसले ते इतके की, मी जिथे दुसऱ्यांचा म्हणून एक कप्पा करून दाखवला होता, तिथे तिला ओळखीची बाई दिसली. कंपालाच्या रुग्णालयात लेकराला मांडीवर घेऊन बसलेली, आपण काय दिले हे ठाऊक नसलेली.

आई २०२० साली गेली. तिचे मूत्रपिंड दादाच्या शरीरात अजून काम करते आहे. दर तीन महिन्यांनी तो रक्त तपासतो आणि आकडा मला कळवतो. त्याच्या जुन्या फाईलवर एका निवासी डॉक्टरने लाल शाईने 'प्रकार ३' असे लिहिले आहे. ते बरोबरच आहे, आणि त्या नोंदीमुळेच त्याला योग्य औषध मिळाले. तरी मी ती फाईल हातात घेते तेव्हा पुष्कळदा मनात येते, की आईचे रक्त आम्ही तपासले नाही ते बरे केले की तिच्यावर अन्याय केला. तपासले असते आणि काहीच निघाले नसते, तर ती सुटली असती. निघाले असते, तर ती म्हणाली असती तेच म्हणाली असती, पण तेव्हा ते वाक्य तिला स्वतःविषयी म्हणावे लागले असते.